माळढोकाची घट

धरणगावच्या कापूस बाजारात चिंधा मापाडी तीस वर्षं काटा धरून होता. त्याने सांगितलेलं वजन कोणी पुन्हा करून पाहत नसे. म्हणून १९६८ साली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रमिलाबाईंना माळढोकाचं वजन हवं झालं, तेव्हा त्या थेट त्याच्याकडे आल्या.

बाईंचा तक्ता होता: उत्तर ध्रुवाचं पांढरं अस्वल आणि आपला माळढोक. एक बर्फावर राहतं, दुसरा करपलेल्या माळावर. एक सील खातं, दुसरा नाकतोडे. अस्वल गावात कोणी पाहिलेलं नव्हतं, तरी पुस्तकात त्याचं वजन होतं, साडेचारशे किलो. माळढोक शिरपूरकडच्या माळावरचा. त्याच्याबद्दल पुस्तकात एवढंच, 'वजनदार पक्षी'.

चिंधाने तरुणपणी एक तोलला होता. एका पारध्याने जिवंत पकडून आणला, आणि कापसाच्या आडतीचे व्यापारी केवलचंद शेठ यांच्या वडिलांनी जीवदया म्हणून विकत घेऊन सोडून दिला. जीवदया झाली तरी माल तोलूनच घ्यायचा, ही आडतीची रीत.

"बारा शेर. म्हंजे तुमना अकरा किलो," चिंधाने सांगितलं.

तक्ता रंगला. 'एक अस्वल म्हणजे एकेचाळीस माळढोक.' एवढे तेव्हा अख्ख्या तालुक्यात नव्हते. खाली लाल अक्षरांत: 'वजन: चिंधा मापाडी'. त्याचं नाव याआधी फक्त मतदारयादीत आलं होतं, तेही चुकीचं. त्याने बायकोला, पार्वताबाईला, शाळेत नेऊन दोनदा दाखवलं.

जळगावहून परीक्षक यायच्या सकाळी तो एकटाच पुन्हा बघायला गेला आणि थबकला. त्याला घट आठवली. कापसात ओल, कचरा असला की वजनातून घट वजा करतात. तशी त्याने पक्ष्याच्या वजनातून पिसांची दोन शेर घट वजा केली होती.

"बाई, आकडा खोटा शे," तो म्हणाला. "पिसासनी घट धरेल शे त्यामा."

"अहो चिंधाभाऊ, पिसं पक्ष्याचीच ना?"

"कचरा बी कापूसमाच ऱ्हास."

शाळेचे अध्यक्ष केवलचंद शेठ हार घेऊन तिथेच उभे होते. एकेचाळीस हा आकडा त्यांच्या लिहून आणलेल्या भाषणात आला होता. "मग पुस्तकवाल्यांनीही अस्वलाची घट वजा केलीच असेल असं धर ना," ते म्हणाले. "एवढे केस, वर बर्फात भिजलेला माल. पक्षी तेवढेच राहतील."

चिंधाने चित्राकडे निरखून पाहिलं. ओल बरीच दिसत होती. शेठ म्हणतात तसं धरलं तर नावाला धक्का लागत नव्हता.

"नही शेठ," तो शेवटी म्हणाला. "अस्वल मी तोलेल नही."

बाईंनी अकराचे तेरा केले, एकेचाळीसचे चौतीस केले, आणि उरलेल्या अर्ध्या पक्ष्यासाठी आधी 'सुमारे' घातलं. मग ब्रश त्याच्या नावापाशी नेला. "हे पुसते. उगाच बाजारात हसतील तुम्हाला."

"ऱ्हाऊ द्या. चूक मनी शे, मंग नाव कोनं लिखशात?"

परीक्षक आले. खाडाखोड पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, खालचं नाव वाचलं, शेजारी टोपी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातली पट्टी चित्रातल्या अस्वलावर टेकली.

"आणि हे कोणी तोललं?"

बाई पुस्तक आणायला गेल्या.