काळजाचा निरोप आन् माझी पँट

मागच्या येळवसेला, म्हंजे वेळ अमावस्येच्या सनाला, सगळं घर शेतात जेवाया गेलं, तवा मी कडब्याच्या कोपीत सुजलेले पाय पसरून बसलो होतो. आंबिलीनं भरलेली मातीची बिंदगी डोक्यावर घेऊन शेताला फेरी मारायचा मान थोरल्याचा, म्हंजे माझा. मारली धाकट्या भावानं. वर म्हनला, "दादा, तू बसूनच ऱ्हा. कोपीला एक खांब लागतोच की." सगळे हासले. मी बी हासलो, पन मनात ठरीवलं, पुढच्या येळवसेला बिंदगी माझ्याच डोक्यावर.

चाकूरहून बसनं लातूरला गेलो. डाक्टरीनबाईनं रगत तपासलं.

"मामा, हृदय नुसतं धडधडत नाही. पाणी साचून ताणलं की ते एक रस सोडतं. रस रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि तिथल्या पेशींना सांगतो, मीठ परत आत घ्यायची दारं बंद करा. मग मीठ लघवीतून बाहेर, त्याच्या मागं पाणी."

"मग माझं काळीज मुकं हाय का?"

"मुकं कुठलं! ओरडतंय बिचारं. मूत्रपिंडच ऐकेना. आणि वरून तुम्ही मीठ टाकताय."

"मी? मी तर मीठ सोडलं!"

"मिशीला लागलंय, मामा."

बसमधी खारे शेंगदाने खाल्ले होते. शाळेत गेलो असतो तर निदान तोंड पुसायचं तरी शिकलो असतो.

तिनं गोळ्या देल्या. एक लघवीची, एक काळजाचा रस लवकर मोडू न देनारी. बायकोनं लोनच्याची बरनी लेकीकडं धाडली. अळनी खाऊन खाऊन म्हशीची पेंड बी चवदार दिसाया लागली. एकदा चाखली. म्हशीनं असं बघितलं, की परत हात लावला न्हाई.

पन काळजाचा निरोप पोचला. पानी उतराया लागलं. दिवसभर मी घर ते संडास एवढंच गाव फिरलो. पाय चपलीत बसाया लागले.

यंदाच्या येळवसेला डाक्टरीनबाईनं अर्ध्या बिंदगीची मुभा देली. डोक्यावर घेतली, निघालो. अर्धा बांध चाललो आन् पँट घसराया लागली. सूज गेली होती, पँट मातर सुजलेल्या मानसाचीच होती! एक हात बिंदगीला, एक पँटीला.

भाऊ पळत आला. "दादा, दे हिकडं, मी घेतो!"

"बिंदगीला हात लावू नको!" मी वरडलो. "पँट धर!"

त्यानं मागून पँट धरली. बायका तोंडाला पदर लावून हासाया लागल्या. अशी आमच्या दोघांची वरात शेताला पुरी फेरी मारून आली, आन् आंबील थेंबभर बी सांडली न्हाई.