काकाजींची चुन्याची रेघ

कोणी घाईघाईने काही सांगायला आलं, की काकाजी दोन्ही हात आडवे पसरत. उधळलेल्या गोऱ्ह्याला अडवावं तसे. आणि म्हणत, "पहिले थांबजो. मंग सांगजो." बातमी कापसाचा भाव पडल्याची असो की घरून डबा आल्याची, हात तसेच पसरत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपल्याच घाईचं आपल्याला हसू येतं.

समुद्रपूर तालुक्यात, आमच्या गावापासून थोड्या अंतरावर त्यांची सरकीच्या तेलाची फॅक्टरी होती. घराणं व्यापाऱ्यांचं. मोठे भाऊ गावातल्या दुकानात बसत, काकाजी फॅक्टरीत. मालक असूनही त्यांना शेठ कोणी म्हणत नसे. हमालापासून टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांचे ते काकाजीच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी बीएस्सी होऊन तिथे केमिस्ट म्हणून लागलो. मुलाखतीला टाय उसना आणला होता. काकाजींनी रसायनशास्त्रातलं एक अक्षर विचारलं नाही.

"घरी कोन कोन हाये?"

मी सांगितलं.

"अन् शिकलेलं?"

"मीच पहिला, काकाजी."

"मंग जपून राह्य बाप्पा. अन् हे गळ्यातलं काढ, मशीनमंदी जाईन."

नोकरी मिळाली की नाही, हे मला बाहेर येऊन चौकीदाराला विचारावं लागलं.

सरकीचं तेल शुद्ध करताना खाली गाळ उरतो. त्यातून साबणवाल्यांसाठी माल काढायला आमच्याकडे कडक ॲसिड लागे. ते टँकरने येई आणि मागच्या टाकीत उतरवलं जाई. काही सांडलं, फुटलं तर काय करायचं, याचं ठरलेलं उत्तर कोणाकडे नव्हतं. मी नवा होतो, उत्साही होतो. काकाजींना म्हटलं, आपलीच पाच जणांची एक टोळी करू. त्यांना शिकवू, रबरी सूट आणू, कोरडी वाळू आणि सोडा तयार ठेवू.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "नावं कोनाची टाकू?"

मी कामावरची दोन-चार नावं सांगितली. ते प्रत्येक नावावर त्या माणसाचं घर सांगू लागले. याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्याची माय आंधळी, तिसऱ्याच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. शेवटी म्हणाले, "सांडलं का तू अंदर जाजो, असं मी त्यायले कोन्या तोंडानं सांगू? बाहेरून गाडी बोलवू. त्यायचं कामच हाये ते."

"माझं नाव टाका."

"तुह्यं तर नाईच नाई."

मग नागपूरहून एक टायवाले साहेब आले. त्यांची कंपनी असली कामं कंत्राटावर करत असे. फोन आला की दोन तासांत हजर, असं त्यांनी सांगितलं. काकाजींनी त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत पोहोचवलं आणि परत येऊन म्हणाले, "दोन घंट्यात लगन लागून पंगत उठते बे." पण टोळीला तरीही ते हो म्हणाले नाहीत. दोन पावसाळे असेच गेले.

पुढचं समजायला आमच्या भागातली एक रीत माहीत हवी. कापसाच्या मुलखात धूर दिसला की माणूस विचारत बसत नाही. कोणाची गंजी पेटली असेल म्हणून हाताला लागेल ते भांडं भरून पळतो. त्या घराशी बोलचाल बंद असली तरी पळतो. न जाणारा माणूस गावात पुन्हा मान वर करू शकत नाही.

एका दुपारी टँकर रिकामा होत असताना पाइपाचा जोड निसटला. ॲसिड फरशीवरून वाहत कडेच्या सरकीच्या पोत्यांपर्यंत गेलं आणि धूर निघाला. आम्ही टँकरची चावी फिरवून धार बंद करतो आहोत, तोच फाटकातून अर्धं गाव आत आलं. बादल्या, पाण्याचे पितळी गुंड, एकाच्या हातात तर वरणाचं भगोणं. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या वावरातले वामनराव. धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, त्यांचं आणि काकाजींचं वर्षभर भांडण चाललं होतं.

"पाणी नका टाकू!" मी ओरडलो. पण आग लागली असताना पाणी टाकू नका, हे कोणाच्या कानात शिरणार? वामनरावांनी बादली ओतली. कडक ॲसिडवर पाणी पडलं की ते उकळून उडतं. ते त्यांच्याच दोन्ही हातांवर उडालं.

सावंगीच्या दवाखान्यात काकाजी बाकावर बसून होते. वामनरावांचा जीव वाचला होता, हात वाचणार होते, पण चट्टे कायमचे राहणार होते. काकाजी आत गेले. मी मागे होतो.

"काऊन आला तू?" काकाजींनी विचारलं. "आपलं तर भांडन हाये ना?"

"भांडन धुऱ्याचं हाये," वामनराव म्हणाले. "धूर दिसल्यावर काय घरी बसू?"

परतताना जीपमध्ये काकाजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी पाच नावं टाकाले भेत होतो. नावं नाई टाकली, तं सारं गाव अंदर आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिलं नाव माह्यं लिही."

"तुम्ही आत जाणार?"

"अंदर नाई. मी फाटकावर. लोकायले अडवतो. दुसरं मले येते तरी काय?"

बाकीची नावं त्यांनी फॅक्टरीत ठरवली नाहीत. नागपूरहून रबरी सूट आणला, स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि एकेकाच्या घरी गेले. मुलगी मागायला जावं तसे, धुतलेलं धोतर नेसून. दोन घरांनी नाही म्हटलं. काकाजी तिथे चहा पिऊन उठले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आमच्या घरी ते आले तेव्हा बाबा नुसते उभे राहिले. एवढा मोठा माणूस खाटेवर बसलेला पाहून त्यांना बसवेना. आईने तो पिवळा सूट हातात घेतला, आतून-बाहेरून चाचपला.

"यात घाम किती येत असन हो?"

"लय येते, बाई," काकाजी म्हणाले. "पन पोरगं वापस येते."

आईने सूट घडी करून माझ्या हातात दिला.

पहिली तालीम मे महिन्यात झाली. वर्ध्याकडचा मे तुम्हाला ठाऊक असेल. पिवळे सूट, रबरी बूट, तोंडावर मुखवटे घालून आम्ही चौघे निघालो आणि कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं, "आज तान्हा पोळा हाये का बे? बैल तं मस्त सजवले!" काकाजींनी त्याला हसू दिलं. मग त्यालाच बोलावून फाटकाबाहेर चुन्याची जाड रेघ मारायला लावली. धूर दिसला की यायचं, पण या रेघेपर्यंत. गावाने मदतीला येऊ नये, असं ते कधी म्हणाले नाहीत. "येजो," म्हणत, "पन इथं थांबजो." दरवर्षी पोळ्याला बैलांची शिंगं रंगली की ती रेघही नवी होई. दुसरा नियम असा, की टाकीत ॲसिड असेपर्यंत टोळीतले दोघे आवारात हजर हवेत. सण असो, लग्न असो.

काही वर्षांनी टाकीची चावी एकदा खरंच गळली. आम्ही आत वाळू टाकत होतो. मुखवट्याच्या काचेतून मला फाटक दिसत होतं. सगळं गाव बादल्या घेऊन आलं होतं, आणि पांढऱ्या रेघेवर, गावाकडे तोंड करून, हात पसरलेले काकाजी. त्या दिवशी कोणालाही काही झालं नाही. बादल्यांमधलं पाणी लोकांनी जाताना कडेच्या कडुनिंबाला घातलं.

काकाजी गेले तेव्हा मी टोळीचा प्रमुख होतो. फॅक्टरी बंद ठेवली होती, पण टाकी भरलेली होती. त्यामुळे मी आणि आणखी एक जण आवारातच राहिलो. मला वाईट वाटत होतं, पण नियम त्यांचाच होता.

स्मशानाचा रस्ता फाटकावरून जातो. आमच्याकडे अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवून विसावा देतात. तो खांदेकऱ्यांनी फॅक्टरीपाशी दिला. मागची गर्दी पुढे रेटत होती. तेव्हा खांदेकऱ्यांमधून वामनराव बाजूला झाले, चट्ट्यांचे दोन्ही हात आडवे पसरून लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

"थांबजा," ते म्हणाले. "इथंच थांबजा."

तिरडी रेघेच्या बाहेर टेकली. मी आतून रेघेपर्यंत चालत आलो, आणि थांबलो.