भिंतीवर न टिकलेला नवरदेव

हसणार नाही असं वचन देऊ नका, मोडाल. चहाचा घोट तेवढा आधी गिळून घ्या!

माझं संशोधन चालायचं कलबुर्गीत. विषय, अर्धं सेंद्रिय आणि अर्धं असेंद्रिय असं संकरित द्रव्य. सोप्या भाषेत सांगू? वाळूतल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांना मेणासारख्या शेपट्या जोडायच्या. तो लेप फासला की पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं आणि खालचं सगळं कोरडं ठणठणीत!

लग्न ठरलं आणि मला शहाणपण सुचलं. राजेश्वर गावातल्या आमच्या घराची पुढची भिंत पावसात ओल धरायची. बाटलीभर लेप आणून दाराच्या उजवीकडे मारला. डावीकडे येईपर्यंत बाटली संपली. पण मिरवलं मात्र गावभर, "आमच्या भितीला आता पाणी शिवत न्हाई!"

आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवतात, हे कोण विसरलं? मी! ज्याचं लग्न होतं तो!

लग्नाच्या आदल्या दिवशी रंगारी शिवाअण्णा पाण्यात रंग कालवून आले. डावीकडे नवरीचं नाव 'मंगल' झकास उमटलं. उजवीकडे माझं नाव लिहिलं, तर ते घरंगळत थेट ओट्यावर! पुन्हा लिहिलं. पुन्हा ओट्यावर!

"काय फासलास रे भितीला?" माझे वडील अप्पा ओरडले.

"हायब्रीड हाय, अप्पा. अर्धा दगड, अर्धं मेण."

"अन् अक्कल? तीबी अर्धीच व्हय?"

आईनं डोळ्याला पदर लावला. "नवऱ्याचंच नाव टिकंना! उद्या नवरीकडचे काय म्हणतील?"

मी पॉलिश पेपरनं घासलं. तरी रंग धरेना. मग इरेला पेटून खुरप्यानं खरवडलं, तर गिलावाच धाडकन खाली!

दुसऱ्या दिवशी नवरीच्या गावी, मुडबीला लग्न लागलं आणि संध्याकाळी वरात दारात आली. मंगलनं भिंत पाहिली. एकीकडे तिचं ठळक नाव, दुसरीकडे भगदाड.

"तुमचं नाव कामून न्हाई?" तिनं हळूच विचारलं.

मी घामाघूम होत सिलिकापासून सुरुवात केली. शेपट्यांपर्यंत येईतो ती माप ओलांडून आत गेलीसुद्धा होती!

आता मी डॉक्टर झालोय. भगदाड मात्र तसंच, म्हणून नवखा पाहुणा भिंत वाचून मलाच विचारतो, "मंगलबाईंचं घर हेच ना? तुम्ही कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल आतून ओरडते, "या की! ते हितंच ऱ्हातेत!"