सोमाभाऊचा खर्रा आणि माझी दौड

बसा, चहा घ्या. माझ्या पळण्यावर सारं गाव हासते, तुमीही हासून घ्या. पण एक गाढवपणा मी असा केला ना, की आजवर कोणाले धड सांगतला नाई. आता सांगतो.

शाळेत जीवशास्त्र शिकवलं, जंगलात पाखरं मोजली, अन् जन्मभर पळलो. अडुसष्टचा झालो तरी पळतो. म्हातारपण काऊन येते, पेशी कशा थकतात, हृदय जवान कसं ठेवाचं, याच्यावर जे हाती लागलं ते वाचलं. अन् वाचलं की गावाले पकवलं! पानटपरीवर उभा राहून लोकाइच्या नाड्या मोजल्या मी. मले पाहून लोक रस्ता बदलत.

सोमाभाऊ तेवढा ऐकेना. सोमाजी मडावी, जंगल खात्यातला जुना वनमजूर, माझ्याच वयाचा. वाघाचा माग, पाखराचा आवाज, सारं त्यानंच शिकवलं मले. पण गालात दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा! म्हणलं, "सोड ना बापा. पळ माझ्यासंग. शंभर वर्षं जगशील."

"मास्तर, सागाले कोणी पळवते का?" तो म्हणे. "तरी उभा हाये ना?"

शेवटी शर्त लागली. गावापासून नाल्याच्या पुलापर्यंत, जाऊन येऊन दहा किलोमीटर. मी एका तासाच्या आत आलो, तं तो खर्रा सोडणार.

अन् कसला लबाड! दर खेपेले रस्त्यात कोणाले तरी उभं करे. "मास्तर, थांबा! मोहाच्या झाडावर शेकरू बसलं हाये!" आता शेकरू म्हणल्यावर माझे पाय पुढं जातील का? मान वर करून उभा! तीनदा असा हरलो.

चौथ्या खेपेले ठरवलं, आज ब्रह्मदेव आला तरी थांबाचं नाई.

चांगलं उजाडल्यावर निघालो. थोडाच गेलो असन, मागून सायकलची घंटी. सोमाभाऊचा जावई, लक्ष्मण.

"मास्तर, थांबा! मामाजी बोलावून राह्यले!"

"आज नाई फसत!"

"खरंच बोलावते! छातीत दुखून राह्यलं त्याइच्या. गडचिरोलीले न्याले गाडी बोलावली, पण म्हणते, आधी मास्तरले आणा!"

वा रे वा! आज शेकरू नाई, तं छाती! अन् मी काय केलं असन? खदखदा हासलो. हासत हासत रस्ता सोडला अन् सागाच्या बनातल्या पायवाटेनं पुलाकडं सुटलो. वाट थोडी लांबची, पण तिथून सायकल जात नाई.

परत आलो तं घड्याळात अठ्ठावन्न मिनिटं! ओरडतच सोमाभाऊच्या आंगणात शिरलो, "सोड आता खर्रा!"

सारं गाव आंगणात. गाडी दारात उभी, रिकामी. खाटेवर सोमाभाऊ. चादर तोंडावरून ओढलेली.

त्याची बायको, सोनीबाई, पुढं आली. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं माझ्या हातावर खर्रा बांधलेली प्लास्टिकची पन्नी ठेवली.

"लक्ष्मण एकटाच परत आला तवा हे हासले," ती म्हणली. "म्हणे, पळू द्या मास्तरले, आज तो जिंकते. अन् खिशातून ही काढून देली. म्हणे, आला की त्याले दे. खर्रा सोडला म्हण."

मी तिथंच खाली बसलो अन् लहान लेकरावाणी रडलो. म्हातारपणावर येवढं वाचलं मी, पण दोस्त बोलावते तवा जावं, येवढी साधी गोष्ट मले समजली नाई. ती पन्नी अजून माझ्या टेबलाच्या खणात हाये.

पळणं काई सुटलं नाई. पण आता कोणीही हाक मारली की थांबतो. परवा पुलाजवळ मागून एक बाई ओरडली, "थांब, थांब!" मी जागच्या जागी उभा. विचारलं, "काय झालं बाई? कोणी बोलावलं का मले?"

"तुमाले नाई हो मास्तर," ती म्हणली, "बकरीले म्हणून राह्यली मी."

बकरी काई थांबली नाई. मी आपला उभाच.