गेरूचा आकडा

यवतमाळच्या वेशीबाहेर कापूस-जिनिंगच्या मजुरांनी मातीची घरं बांधली होती. जनगणना आली तेव्हा त्या घरांवर गेरूने आकडे घालायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं. एका दारात बाई भिंत सारवत होती. मला म्हणाली, "गुर्जी, जरा मोठा काढा. रस्त्यावरून दिसला पाह्यजे."

पुढे शाळेत जाता-येता ती दिसायची. भिंत सपासप सारवायची, पण आकड्याजवळ आली की एकाच बोटाने हळूहळू त्याला वळसा घालायची. शेजारपाजारचे आकडे कधीच सारवणाखाली गेले. हिचा तसाच राहिला.

काही वर्षांनी तिच्या घराला विटा लागल्या, पण तीनच बाजूंना. समोरची भिंत मातीचीच. न राहवून मी सायकल थांबवली आणि कारण विचारलं.

"तिच्यावर आकडा हाय ना. मांगं वस्ती उठवाले माणसं आलते. म्या आकडा दाखवला, म्हटलं आमाले सरकारनं मोजलं हाय. गेले आल्या पावली."

"अहो बाई, तो नुसता मोजणीचा आकडा. त्याने जागा कुणाची होत नाही."

"मले ठाऊक हाय, गुर्जी," ती हात धूत म्हणाली. "त्यायले कुठं ठाऊक हाय?"