गार असताना सगळंच बसतं

मॅडमच्या हाताला कोणतीही वस्तू लागली की त्या ती आधी हलवून बघत. कँटीनचा कप, वर्गातलं टेबल, माझ्या मोटारसायकलचा आरसा. मी एकदा म्हणालो, "मॅडम, आरसा घट्ट आहे हो." त्या म्हणाल्या, "गार असताना सगळंच बसतं, सर. तापल्यावर काय करतं ते सांगा."

हे वाक्य त्यांनी कुठं वापरलं नाही? आमच्या एका सहकाऱ्यानं मुलीसाठी स्थळ पाहिलं. मुलगा शांत, निर्व्यसनी, आष्टीला स्वतःचं दुकान. बिचारा कौतुकानं पेढे घेऊन आला. मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "चांगलंय. पण तापल्यावर कसा हाय?" सहकारी पुढं बरेच दिवस त्यांच्याशी बोलला नाही. मग गुपचूप आष्टीला जाऊन मुलाच्या नोकरांकडं चौकशी करून आला.

बीडबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवतो. मॅडम मूळच्या दिंद्रुडच्या. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत गॅस टर्बाइनवर काम करत होत्या. वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायू झाला. आई आधीच गेलेली. म्हणून नोकरी सोडून आल्या. आल्या खऱ्या, पण टेकल्या नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, खुर्ची दिली तर तिची पाठ धरून उभी राहणारी. मॅडम डबासुद्धा फिरत फिरत खात. मला वैताग यायचा. "अहो, अन्न अंगी लागू द्या," असं मी म्हणायचो. "लागतंय की चालता चालता," असं म्हणत त्या दारापर्यंत पोचलेल्या असत.

कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी ट्रकच्या जुन्या टर्बोपासून एक छोटं टर्बाइन उभं केलं होतं. नुसत्या हवेच्या झोतानं फिरवलं की ते आधी घरघरायचं, मग बारीक शीळ घालत चढायचं. इंधन जिथं जळतं तिथं सिरॅमिकची नळी बसवायची होती. ज्या आगीत धातू मऊ पडतो, ती आग ही नळी सहज सोसते. अडचण एकच. तापलं की धातू फुगतो, सिरॅमिक जवळजवळ फुगत नाही. मग धातूच्या इंजिनात तिला धरायचं कसं? मॅडमनी तोड काढली होती. नळीभोवती सैल कडं आणि मध्ये पोलादाच्या पातळ, लवचीक पट्ट्या. कडं फुगलं तरी पट्ट्या नळीला सोडणार नाहीत. गार असताना मात्र सगळं जरा हलणारच.

प्राचार्यांना ती शेड पार्किंगला हवी होती. त्यांनी सांगितलं, "तपासणी समिती येतेय. त्यांच्यासमोर चालवून दाखवा, शेड तुमची." मॅडम येरझारा घालत मला म्हणाल्या, "चाललं तर मी इथंच राहते. नाहीतर बंगळूरवाले परत बोलावतायत, आणि अण्णा काही दिंद्रुड सोडायचे नाहीत. नुसतं फळ्यावर इंजिन काढत राहिले तर मला वेड लागंल, सर."

कड्याचं काम चाचांकडं होतं. बसस्टँडमागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचे. धाव म्हणजे लाकडी चाकावरचं लोखंडी कडं. ते चाकापेक्षा किंचित लहान करायचं, लालबुंद तापवायचं, फुगलं की चाकावर चढवायचं आणि वर पाणी ओतायचं. मग ते असं आकसतं की चाक मोडेल, पण सांधा हलायचा नाही. चाचांचा पिंडच त्या कामावर पोसलेला. मॅडमनी सांगितलं तसं कडं त्यांनी केलं, बसवलं, आणि ते हललं. समिती येण्याच्या आदल्या दिवशी मॅडम अण्णांकडं गेल्या होत्या. चाचांना राहवेना. हलतं काम पाहुण्यांपुढं जाणार म्हणजे इज्जतीचा प्रश्न! त्यांनी पट्ट्या काढून टाकल्या, कडं लहान केलं आणि तापवून धावेसारखं नळीवर चढवलं.

सकाळी मॅडमनी येताच नळी हलवून पाहिली. ती जागची हलेना.

"काय केलंत चाचा?"

"पक्कं केलं. लई हलत हुतं. आपल्या हातून असलं काम कदी गेलं न्हाई, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "चाचा, धाव बसल्यावर चाक विस्तवात जातं का?"

"न्हाई."

"हे जाणार हाय. कडं फुगंल, नळी न्हाई फुगायची. मग तिला कोण धरणार? फुटली की तुकडे थेट टर्बाइनच्या पंख्यात, आन् तिथनं बाहेर."

चाचांनी करवत उचलली. "कापून काढतो, बेटी."

"नळी तडकंल. दुसरी न्हाई आपल्याकडं. आन् तापवून सोडवायला आता वेळ न्हाई."

तेवढ्यात समिती आली. मी मॅडमच्या कानाशी लागलो, "थोडा वेळ तरी चालवा. तेवढ्यात बघून जातील ते." खरंच, तेवढं पुरलं असतं. मॅडमनी दारात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांकडं पाहिलं आणि समितीला म्हणाल्या, "आज चालवता येणार नाही. जोडणीत चूक झालीय. माझी." चाचा पुढं झाले, "न्हाई साहेब, त्यांची न्हाई..." मॅडमनी त्यांचा दंड धरून त्यांना मागं ओढलं. प्राचार्य पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला, आणि सर्वात जास्त मॅडमचा. लिफ्टचीसुद्धा वाट न बघणारी बाई, थांबली ती नेमकी इथं! राग ओसरल्यावर कळलं की मला त्यांच्याबद्दल एवढी माया वाटते ती याच थांबण्यामुळं. पण तोवर त्या बंगळूरला गेल्या होत्या. शेडमध्ये आता आमच्या गाड्या उभ्या असतात. मी माझी मुद्दाम उन्हात लावतो.

मध्यंतरी दिंद्रुडला गेलो होतो. अण्णा ओसरीत बाजेवर पडून होते. बोलणं फार तुटक. पुतणसून त्यांचं सगळं करते. ती मला चहा देत होती तेवढ्यात फोन वाजला. "वन्संचा हाय, बंगळूरहून," म्हणत तिनं तो अण्णांच्या कानाला लावला. पलीकडं कुणी बोलेना. नुसती घरघर, मग चढत चढत जाणारी बारीक शीळ. मला समोर बसून ऐकू येत होती.

"वन्सं बोलत न्हाईत व्हय?" पुतणसून म्हणाली आणि फोन काढून घ्यायला वाकली.

अण्णांनी चांगला हात उचलून तिला अडवलं.

"थांब," ते कसेबसे म्हणाले. "चालू... हाय तिचं."