राक्षसाला वन्समोर

साकोलीच्या वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं नाटक बसवायचे. सत्तरच्या दशकात एका वर्षी त्यात पहिल्यांदा मुलींना घेतलं. मी अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. म्हणून मला राक्षस केलं. नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी आधीच बजावलं, "पोरगी स्टेजवर रडली, तं पुढच्या साली एकही पोरगी घेणार नाही."

राजपुत्र होता माझा धाकटा मामेभाऊ. त्यानं बांबूची तलवार माझ्या पाठीत अशी हाणली, की मी कळवळले. मग खांद्यावर, मग पोटात. मी ओठ चावत मेले, तर लोक ओरडले, "वन्समोर!" आमच्याकडे वन्समोर आला की प्रवेश पुन्हा करावाच लागतो. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या बाबांचा. मेलेला राक्षस मुकाट उठला.

या खेपेला तलवार कपाळावर बसली. रक्त नाकावरून ओघळलं. लोकांना तो रंग वाटला आणि टाळ्या वाढल्या. भावाला मात्र कळलं. तलवार टाकून राजपुत्रानं भोकाड पसरलं.

"मार ना बे, लोक पाहून राहिले!" मी दातओठ खात कुजबुजले.

"नाही मारत! तू मरून जाशील, ताई!"

शेवटी मीच तलवार त्याच्या हातात कोंबली, तो हात धरून पोटात खुपसून घेतली आणि डरकाळी फोडून पडले. रडले नाही.

गुरुजींनी शब्द पाळला. पुढच्या वर्षी सगळे राक्षस मुलींनाच दिले. न घाबरणारा राजपुत्र मात्र त्यांना गावभर शोधावा लागला.